खंडेनवमीला हरवलेली स्मरणिका

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला आधी हसू फुटतं, आणि मी पोलीस अधिकारी होते हे नंतर आठवतं. नातवंडांना मी दरोड्याची गोष्ट सांगायला बसते, पण ती मागतात हीच. कारण उघड आहे. दरोड्याच्या गोष्टीत आजी शूर असते, आणि हिच्यात आजीची फजिती होते.

नावं कोणाचीच घेत नाही. ती माणसं अजून त्याच बाजारात भाजी घेतात आणि मला त्यांच्याकडे चहाला जायचं असतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवी फौजदार म्हणून रुजू झाले होते. मूळची मी मेहकरची, वऱ्हाडीत वाढलेली. पण प्रशिक्षण संपवून आले ती 'काऊन' सोडून 'का बरं' म्हणायला शिकूनच. कडक इस्त्री, काखेत छडी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जिल्ह्यातली सगळी गुन्हेगारी इतकी वर्षं माझीच वाट पाहत थांबली होती. आमच्या ठाण्यात तेव्हा एक टाइपरायटर होता, त्याचा 'क्ष' उमटत नसे. संगणक मी लांबून पाहिला होता, जसा लोक वाघ पाहतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी बसले होते. शस्त्रागाराच्या दारावरची झेंडूची माळ अजून ताजी होती. तेवढ्यात बाजारपेठेतला छपाईवाला आत आला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं असलं काम संगणकावर जुळवून छापून द्यायचं त्याचं दुकान. सगळं गाव त्याला काका म्हणत असे. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मॅडम, माह्या दुकानात चोरी झाली."

"काय गेलं?"

"स्मरणिका गेली."

"किती प्रती?"

"प्रती कायच्या वो! अजून छापलीच नाई. काम्पुटरातून गेली."

"कुलूप तोडलं?"

"नाई."

"संगणक नेला?"

"नाई, काम्पुटर हाये. आतलं गेलं."

मी पेन खाली ठेवलं. डबा जागेवर, झाकण जागेवर, आणि आतले लाडू नाहीत, असा काहीसा प्रकार दिसत होता. काकांनी सांगितलं ते असं: गावातल्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका त्यांच्याकडे होती. माजी विद्यार्थ्यांचे लेख, शिक्षकांच्या आठवणी, सगळं कित्येक महिने टंकून तयार झालेलं. दिवाळीआधी छापून द्यायची होती. आता यंत्र सुरू केलं की स्मरणिकेच्या जागी नुसते चौकोन, बदाम, इस्पिक असली चिन्हं दिसत होती.

"संशय कोणावर?"

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, "ते पोट्टी. माह्यावाली ऑपरेटर. तिच्याशिवाय त्या यंत्राले कोनी हात लावत नाई. आता सरकारी नोकरी लागून राह्यली तिले. जाता जाता सारं पुसून गेली असंन."

ही मुलगी जवळच्याच खेड्यातली, मजुरी करणाऱ्या बौद्ध घरातली. जिल्ह्याच्या गावी राहून संगणकाची पदविका केलेली. लिपिक-टंकलेखक म्हणून तिची निवड झाली होती, आणि हे मला काकांनी सांगायची गरज नव्हती. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर, पेपरवेटखाली होता. त्यावर 'गुन्हा दाखल नाही' असं लिहून वर पाठवलं की तिची नोकरी पक्की. आणि काकांच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला, की त्या घरात पहिल्यांदाच येऊ घातलेला सरकारी पगार तिथेच अडकला.

ठाणेदार साहेब निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. म्हणाले, "घाई करू नका. आधी चौकशी करा, मग गुन्हा नोंदवू." पण मला घाई होतीच. संगणकाची चोरी! अख्ख्या जिल्ह्यात अशी पहिलीच असणार, आणि ती मी उघडकीला आणणार. मनातल्या मनात मी सत्काराला नेसायची साडीसुद्धा निवडली होती.

खबर तासाभरात आली. बसस्थानकासमोरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. आवाज खाली आणून म्हणाला, "नवमीले दुकानातून, काका सोडले तर, साऱ्यात शेवटी तेच पोट्टी निंघाली. अन् दसऱ्याच्या सकाळी भरेल पिशवी घेऊन गाडीत बसताना म्या सोता पाह्यली. नागपूरच्या गाडीत."

मी डायरीत लिहिलं: संशयित मुद्देमालासह नागपूरकडे फरार.

मग मी दोन पंच घेऊन दुकानात गेले आणि संगणक ताब्यात घेतला. म्हणजे मला तसं वाटलं. त्या पंचनाम्याची भाषा मला अजून पाठ आहे: 'टीव्हीसारखे दिसणारे पांढरट यंत्र एक, काच शाबूत, आतून काहीही दिसत नाही.' त्याला कापड गुंडाळून लाखेचं सील लावलं. टेबलाखाली एक पत्र्याचा उभा डबा होता, तो बॅटरीचा असेल म्हणून तिथेच सोडला. पंच म्हणून घेतलेला शिंपी म्हणाला, "मॅडम, वायर तर त्या खालच्या डब्ब्यात जाऊन राह्यली." मी त्याला सांगितलं, पंचांनी फक्त पाहायचं असतं.

ठाणेदारांनी ते गाठोडं पाहिलं. "अजून गुन्हा दाखल नाही, आणि मुद्देमाल जमा?" त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा पाहून हवालदाराला म्हणाले, "ठेवा बाबा मालखान्यात. जपून ठेवा. मॅडमनी पडदा पकडून आणला आहे."

मला तो टोमणा आहे हेसुद्धा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फरार आरोपी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आली. सोबत आई होती, हातात तीच पिशवी. गावात शिरल्याबरोबर कोणीतरी त्यांना बातमी दिली होती. मी दोघींना समोर बसवलं आणि छडी टेबलावर अशी ठेवली की आवाज व्हावा.

"दसऱ्याच्या दिवशी कुठे पळाली होतीस?"

मुलीने तोंड उघडायच्या आत आई बोलली. "पळाली? साहेबीणबाई, दसऱ्याले आमची सारी वस्ती पळते. नागपूरले, दीक्षाभूमीवर. तुमच्या ठाण्याचे दोन शिपाई आमच्याच गाडीत होते. त्याईलेही धरा."

दारात उभा असलेला हवालदार एकदम भिंतीवरचा नकाशा पाहायला लागला. त्या दोन शिपायांच्या रजेच्या अर्जांवर माझीच सही होती. गावातून निळे झेंडे लावलेल्या गाड्या भरभरून गेल्या होत्या, आणि मी त्या गर्दीतून एक फरार मुलगी शोधून काढली होती!

पिशवी उघडली. एक चादर, चटणीची रिकामी डबी, आणि बाकी सगळी पुस्तकं.

"जातानी भाकरी, येतानी पुस्तकं," आई म्हणाली. "पाठ माही मोडते."

मी घसा साफ करून पुढे सरकले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एक सांगते. खोटं बोलणारा माणूस आपला प्रश्न टाळतो. ही मुलगी माझे प्रश्न दुरुस्त करत होती.

"तू संगणकातून स्मरणिका कशी काढलीस?"

"काढली नाही मॅडम. काढली असती तर नाव गेलं असतं. काका म्हणतात नावाच्या जागी चिन्हं येतात. म्हणजे ते चोरी नाही, बिघाड आहे."

"शेवटचं तू त्याला काय केलंस?"

"डिफ्रॅग लावलं होतं."

मी ताडकन ताठ बसले. 'लावल्याचे कबूल,' असं लिहिलं. "कुठे लावलंस? आतून की बाहेरून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ते मलम नाही."

मग तिने समजावलं. यंत्रात आपण लिहिलेलं एका जागी राहत नाही, जागा मिळेल तसे त्याचे तुकडे पडतात. अधूनमधून ते तुकडे उचलून ओळीने लावावे लागतात. हे काम यंत्र स्वतःच करतं, पण त्याला बराच वेळ लागतो. नवमीला पूजेनंतर दुकानात काम नसणार, म्हणून तिने ती आवराआवर सुरू करून दिली. "अन् काकाले सांगून गेली, की याले बंद नका करू, त्याचं काम चालू हाये."

मी काकांना बोलावून घेतलं. तक्रारदार आणि संशयित समोरासमोर बसले की खोलीतली हवा बदलते. इथे मात्र काकांनी आधी त्या मुलीच्या आईला 'रामराम' केला, तिने 'जयभीम' म्हटलं, आणि दोघांनी दोन बाजूंना तोंडं फिरवली.

"नवमीला तुम्ही काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"दुकान झाडलं. यंत्राले हळद-कुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या, हार घातला. नारळ फोडला. या पोट्टीनं प्रसाद घेतला अन् गेली."

"मग?"

"मग काय? मग त्याले आराम देला."

"म्हणजे?"

"हे म्हने त्याचं काम चालू हाये. म्या म्हनलं, बापा! आज खंडेनवमी. पूजा झाल्यावर हत्याराले कामाले लावतेत का कोनी? पाप लागते. पाह्यलं तर आतून खरंच गुरगुर गुरगुर करून राह्यलं होतं. मंग म्या भिंतीतली पिन उपसली."

मुलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "काका! बॅटरी होती ना त्याले!"

"हाव ना. ते टीं टीं करून वरडाले लागलं. मले वाटलं, पूजा पावली. मंग बॅटरीचंही बटन दाबलं. तवा कोठं शांत झालं."

"अन् नेहमीसारखं बंद काऊन नाई केलं?"

"नेहमीसारखं? म्हणजे त्याले हात लावून, बटनं दाबून? अवं, तेही कामच झालं ना! पूजेनंतर?"

मी हवालदाराकडे पाहिलं, आणि त्याने माझ्याकडे. कारण त्याच नवमीला, पूजा झाल्यावर, मी त्याच्याकडे रायफली तपासायला मागितल्या होत्या. त्याने किल्ली दिली नव्हती. "आज नाई, मॅडम. आज ते आराम करतेत," असं म्हणून तो दाराला पाठ लावून उभा राहिला होता. मी त्याला आदेश, शिस्त, नियम सगळं ऐकवलं, आणि शेवटी दिवसभर लाठीवर गस्त घातली. काका काय म्हणतात ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. फरक एवढाच, की रायफल मध्येच आराम करायला लागली तर तिच्यातली गोळी हरवत नाही.

चोर नव्हता. पण स्मरणिकाही नव्हती. आणि ती परत आल्याशिवाय काका तक्रार मागे घ्यायला तयार नव्हते. "कमिटीले मी काय दाखवू? बिघाड कोनामुळं झाला? आवराआवर तर हिनंच लावली ना?" त्यांचा आवाज चढायला लागला. मुलगी माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती. त्याखाली काय आहे हे तिला माहीत होतं.

तिने विचारलं, "काका, त्यानंतर यंत्रात काही नवीन टाकलं का? काही पुसलं?"

"टाकतो काय डोंबल! पुतन्या आला होता पुण्याहून सुट्टीत. तो म्हने, काका, सारं उडवून नव्यानं भरतो. पन उडवते कशानं? पडदा तर मॅडमनं उचलून नेला. पाहत बसला, अन् गेला वापस."

मुलीचा चेहरा एकदम उजळला. "मॅडम, तुम्ही पडदा नेला हे फार चांगलं केलं. त्यानं एकदा उडवलं असतं, तर काहीच राहिलं नसतं."

मी कॉलर सरळ केली आणि म्हटलं, "पुरावा जतन करणं हे पोलिसांचं पहिलं कर्तव्य असतं." आतल्या खोलीतून ठाणेदारांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला बराच वेळ चालला.

आता प्रश्न असा, की अख्ख्या तालुक्यात ते यंत्र दुरुस्त करू शकणारी एकच व्यक्ती, आणि संशयितही तीच. काका म्हणाले, "जिच्यावर संशय, तिच्याच हाती देता काय?" ठाणेदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम शेजारी बसतील. ती जे जे बटण दाबेल ते लिहून घेतील."

मालखान्यातून गाठोडं निघालं आणि दुकानात आलं. पंचांसमोर लाख फोडली. शिंपी म्हणाला, "आता वायर खालच्या डब्ब्यात लावायची काय, मॅडम?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मुलीने घरून आपली एक फ्लॉपी आणली होती. त्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तिने जे पहिलं काम केलं, ते मला फार आवडलं. तिने काहीच दुरुस्त केलं नाही. नुसतं तपासायला लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. "आधी पाहू द्या कुठं कुठं लागलं आहे," म्हणाली. "घाईनं हात घातला की चांगलं असलेलंही बिघडतं." मी छडी टेबलाखाली सरकवली.

पडद्यावर चुकांची ओळ संपता संपेना. काकांचा धीर सुटत चालला. "सारं गेलं ना?"

"नाई काका. एस.टी. स्टँडवर गाड्या उभ्या हायेत, लोकंही आत बसेल हायेत. फक्त समोरच्या पाट्या गळून पडल्या. म्हनून मेहकरची कोन्ती अन् खामगावची कोन्ती ते यंत्राले समजून नाई राह्यलं."

"मंग नव्या पाट्या कोठून आनशीन?"

"यंत्र पाट्यांची यादी दोन ठिकानी ठेवते. एक पुरी बिघडली. दुसरी पाहतो."

दुसरीही थोडी बिघडली होती, पण बरीचशी धड होती. तिने ती पहिलीच्या जागी आणली, मग दुरुस्तीची आज्ञा दिली. तिची आई दुकानाच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "सापडलं काय वं?" मुलगी म्हणाली, "सापडून राह्यलं, माय."

आणि मग फायली यायला लागल्या. काहींना आपली नावं होती. उरलेल्या नुसत्या क्रमांकाने आल्या, बेवारस. त्या एकेक उघडून ओळखायच्या होत्या. इथे मात्र मी पुढे झाले, कारण ओळख परेड हे माझं काम होतं. मुलगी फाईल उघडायची, काका ओळखायचे, मी लिहून घ्यायचे.

पहिलीच उघडली आणि काका मोठ्याने वाचायला लागले: "आमच्या शाळेचे आधारस्तंभ, आदरणीय संस्थापक अध्यक्ष यांच्या... नामकरण समारंभास... आत्या व मामांसह अगत्याने यावे."

मग पायरीवरून आवाज आला, "कितवा पोरगा म्हना अध्यक्षाचा?"

काका आधी फुटले. मग मी. दोन फायलींचे तुकडे एकमेकांत शिरले होते, दोघांनी एकाच सीटवर रुमाल टाकावा तसे. पुढच्या फायलीत मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या मध्येच हळदीचा कार्यक्रम निघाला. गणिताच्या गुरुजींवरच्या लेखाच्या शेवटी 'आहेर आणू नये' असं होतं. काका डोळे पुसत म्हणाले, "हे असंच छापलं ना, तर एक प्रत उरनार नाई!" शिंपी पंच म्हणून बसला होता, तोही हसायला लागला. मी त्याला पंचांनी फक्त पाहायचं असतं हे सांगायच्या अवस्थेत नव्हते. पोट धरून स्टुलावर वाकले होते, आणि टोपी खाली पडली होती.

दोन दिवस आम्ही तुकडे जुळवत बसलो. कोणता मजकूर कोणाचा हे सांगायला गावातले दोन-तीन मास्तरही येऊन गेले, आणि आपल्या लेखात घुसलेले वऱ्हाडी पाहून खूष झाले. शेवटी एक लेख तेवढा सापडला नाही. तो ज्या गृहस्थांचा होता, त्यांनी तो पुन्हा लिहून दिला, पहिल्यापेक्षा दुप्पट लांब. काकांनी तक्रार मागे घेतली.

पण पडताळणीचा कागद असा नुसता पाठवता येत नाही. अर्जदाराला ओळखणाऱ्या, गावातल्या दोन जबाबदार माणसांचे जबाब लागतात. एक त्यांच्या खेड्यातल्या मास्तरांचा झाला. दुसऱ्यासाठी मी विचार करत होते, तेवढ्यात काका ठाण्यात आले. बसले नाहीत. खिशातून एक जाड कागद काढून टेबलावर ठेवला. स्वतःच जुळवून छापून आणलेला. वर गणपती, भोवती आंब्याच्या पानांचं तोरण. आणि मजकूर: 'आमच्या येथे काम करणारी चि. सौ. कां. हिचे वर्तन अत्यंत चांगले असून, तिजवर घेतलेला संशय निराधार होता, हे कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे.'

"काका, ही लग्नपत्रिका झाली!"

"मले दुसरं येतेच काय, मॅडम? अन् हात हिचा नसल्यामुळं सारं मीच टंकलं. बंदही नीट केलं."

मी तो ठाणेदारांपुढे नेला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "सरकारी कामकाजात एवढं मंगल काही मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही," म्हणाले. "साध्या कागदावर जबाब घ्या. आणि हे सोबत जोडा. वरच्यांनाही जरा हसू दे." त्यांनी शेरा लिहिला, मी सही केली. दिवाळीनंतर मुलगी नोकरीवर रुजू झाली. तिची आई सांगायला आली, तेव्हा मी 'का बरं' वगैरे सगळं विसरून विचारलं, "काऊन वं, पेढे काऊन नाई आनले?" ती म्हणाली, "साहेबीण, आता आली भाषा तुले."

त्या प्रकरणाने मला संगणक शिकवला नाही. आजही माझी नात माझ्या हातून फोन काढून घेते. पण पुढच्या सगळ्या नोकरीत एक सवय मात्र लागली. कोणी 'चोरी झाली' म्हणत आलं, की काय गेलं आणि संशय कोणावर हे नंतर. आधी मी विचारायचे: त्या दिवशी तुमच्या घरी काय होतं? आणि ज्याच्यावर संशय आहे, त्याच्या घरी काय होतं? कोणाकडे उपास असतो, कोणाकडे पूजा, कोणाकडे उरूस, कोणाची यात्रा. माणूस त्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळा वागतो, आणि शेजाऱ्याला ते वागणं गुन्ह्यासारखं दिसतं.

माझ्या हाताखाली आलेले तरुण अधिकारी या प्रश्नाला हसायचे. "मॅडम, चौकशी करताय की पंचांग बघताय?" मी म्हणायचे, आधी विचारून तर बघा. ते विचारायचे. आणि कितीतरी वेळा समोरचा तक्रारदार तोंड उघडं ठेवून थांबायचा, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "थांबा मॅडम, मी जरा घरी जाऊन पाहून येतो."

त्यातले बरेचसे परत आलेच नाहीत.